एमजीबी रोडस्टर घेताय? आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

ब्रिटनमध्ये राहून उघड्या टपाची जुनी गाडी घ्यायची हौस असेल आणि खिसा बेताचा असेल, तर शोध फिरून फिरून एमजीबीपाशीच येऊन थांबतो. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती बनत राहिली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. आज तिचा जवळपास प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो, अगदी अख्खी बॉडीसुद्धा. ट्रायम्फ आणि ऑस्टिन-हीलीवाले तिला 'सगळ्यांकडेच असते ती' म्हणून नाकं मुरडतात. मुरडू द्यात. सगळ्यांकडे आहे म्हणूनच तिचं सामान मिळतं आणि तिची दुरुस्ती जाणणारी माणसंही मिळतात.

पण हौशी माणसाला हातोहात फसवणारी गाडीही हीच. बाहेरून चकचकीत आणि आतून कुजलेली एमजीबी बाजारात नेहमी असते. लोक रंगावर भाळतात, इंजिनचा आवाज ऐकून खूश होतात आणि पत्र्याकडे पहिला हिवाळा सरल्यावर पाहतात. क्रम नेमका उलटा हवा. आधी कोणत्या सालची हवी ते ठरवा, मग गुडघ्यांवर बसून पत्रा तपासा, त्यानंतर इंजिन, मग चालवून बघा आणि शेवटी कागद. पत्र्यात गाडी नापास झाली, तर पुढचं काही न बघता घरी या.

साल कसं ठरवायचं

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधली विल्यम मॉरिसची विक्री-दुरुस्तीची पेढी. सेसिल किंबर १९२२मध्ये तिचे व्यवस्थापक झाले आणि मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉड्या चढवायला लागले. १९२९मध्ये कारखाना जवळच्या अबिंग्डनला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. (पुण्या-मुंबईत आज हेक्टरच्या नाकावर दिसणारा अष्टकोन याच घराण्याचा. मात्र नाव आता चिनी सैक कंपनीकडे आहे, ती गाडी गुजरातेत हालोलला बनते आणि अबिंग्डनशी तिचं नातं चिन्हापुरतंच.)

एमजीबीच्या आधीची एमजीए वेगळ्या चासीवर उभी होती. सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली एमजीबी आखली गेली, तिचं रूप डॉन हेटर यांनी काढलं आणि वेगळी चासी काढून टाकली. पत्र्याची बॉडी हीच चासी झाली. त्यामुळे गाडी आखूड होऊनही आत जागा वाढली. पुढे येणारी गंजाची सगळी कटकटही याच एका निर्णयातून निघते.

सप्टेंबर १९६२मध्ये आलेल्या पहिल्या गाड्यांच्या दारांना ओढून उघडायच्या कड्या आहेत. १९६५च्या वसंतात त्या जाऊन बटणाच्या कड्या आल्या. १९६४च्या शरदापर्यंत इंजिनाचा क्रँक तीन बेअरिंगांवर फिरायचा, नंतर पाच बेअरिंगांवर. तीन बेअरिंगांचं इंजिन मोकळं फिरतं असं जुने लोक सांगतात. रोजच्या वापराला मात्र पाच बेअरिंगांचंच टिकाऊ. ओढकडीच्या गाडीचे पैसे जास्त पडतात आणि ते दुर्मिळतेचे असतात.

१९६७च्या अखेरीस मार्क टू आली. तोपर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर करकर न होता पडावा म्हणून असलेली सोय) नव्हता, तो आला. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसला. विजेचं अर्थिंग पॉझिटिव्ह होतं, ते निगेटिव्ह झालं. हे शेवटचं लक्षात ठेवा. त्याआधीच्या गाडीत आजचा रेडिओ किंवा फोनचा चार्जर विचार न करता जोडला, तर धूर निघतो. त्याच सुमारास २९१२ सीसीची सहा सिलिंडरांची एमजीसीही आली. बॉनेटवरच्या फुगवट्यावरून ती ओळखू येते. नऊ हजारांच्या आसपास बनून ती १९६९मध्ये बंद पडली. पुढचं सस्पेन्शन निराळं असल्यामुळे ती वेगळीच गाडी धरा. या लेखातलं सगळं तिला लागू पडणार नाही.

१९६९च्या शरदात एमजीची तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँड, तिच्या साहेबांनी क्रोमची उभी जाळी काढून आत दबलेली काळी जाळी बसवली. ती इतकी नावडली की तीन वर्षांत क्रोमची चौकट परत आली. मग सप्टेंबर १९७४मध्ये अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांपायी काळे रबरी बंपर आले आणि बंपर-दिव्यांची उंची जुळवायला गाडी सुमारे दीड इंच वर उचलली गेली. बनलेल्या रोडस्टरपैकी निम्म्याहून जास्त उत्तर अमेरिकेत जायच्या, तेव्हा तिथला कायदा हाच अबिंग्डनचा कायदा. शिवाय त्याच वेळी रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणारी सळई, काढला. परिणाम असा की १९७५-७६ची गाडी वळणावर झुकते, आणि तिचं नाव खराब झालं ते त्यामुळेच. ऑगस्ट १९७६पासून पुढे आणि मागे दोन्हीकडे बार बसले आणि गाडी पुन्हा ताळ्यावर आली.

बंद पडण्याची गोष्टही थोडक्यात सांगायला हवी. अबिंग्डनच्या पन्नाशीचे सोहळे नुकतेच आटोपले होते आणि सप्टेंबर १९७९मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. शेवटच्या गाड्या ऑक्टोबर १९८०मध्ये बाहेर पडल्या. ब्रिटनसाठी काढलेल्या एक हजार खास गाड्यांत ४२० रोडस्टर होत्या, सगळ्या ब्राँझ रंगाच्या.

माझं मत विचाराल तर १९६८ ते १९७४मधली क्रोम बंपरची, ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिनचे फेरे उतरवणारी गिअरबॉक्सची सोय) असलेली गाडी बघा. पैसे कमी असतील तर ऑगस्ट १९७६नंतरची रबरी बंपरची घ्या, लाजू नका. तीच गाडी, तेच इंजिन आणि किंमत बरीच कमी. १९७५-७६ची फक्त पत्रा उत्तम असेल तर आणि सस्पेन्शनवर खर्चाची तयारी असेल तर. रबरी बंपर काढून क्रोम बसवलेल्या गाड्याही भेटतील. त्यात वाईट काही नाही, फक्त क्रोमवाल्या सालची किंमत देऊ नका. बॉनेटखालच्या पाटीवरचा नंबर बघा: जीएचएन ३ म्हणजे पहिली आवृत्ती, जीएचएन ४ म्हणजे १९६७ ते १९६९, जीएचएन ५ म्हणजे त्यानंतरची. पुढे यू दिसला तर गाडी मूळची अमेरिकेची. १९६८नंतरच्या अमेरिकी गाड्यांना पुढच्या काचेवर तीन वायपर असतात. कोरड्या प्रांतातून परत आलेल्या अशा गाडीचा पत्रा बहुधा इथल्यापेक्षा चांगला निघतो, आतलं रेक्झिन आणि डॅशबोर्ड मात्र उन्हाने तडकलेले असतात.

पत्रा: इथे घाई नको

सोबत टॉर्च, छोटं लोहचुंबक, जुनी चटई आणि गाडीखाली आडवं व्हायची तयारी घेऊन जा. दिवसाउजेडी, कोरड्या हवेत जा. ओला पत्रा कसलाही रंग चांगला दाखवतो.

दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पेटी म्हणजे सिल. टप नसलेल्या गाडीत छताचा आधार नसतो, त्यामुळे सगळा भार या दोन पेट्यांवर असतो. गाडीचा कणाच तो. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधला उभा पडदा आणि खालची नागमोडी पट्टी, ज्याला इथले लोक कॅसल रेल म्हणतात, अशा थरांची ती बनलेली असते. गंज आतून सुरू होतो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत मधला पडदा संपलेला असतो.

लबाडी कशी करतात तेही समजून घ्या. सिल नीट बदलायची तर पुढच्या मडगार्डचा खालचा भाग आणि मागच्या मडगार्डचं दारामागचं टोक कापावं लागतं, आतले थर नव्याने जोडावे लागतात. काम वेळखाऊ आणि महाग. म्हणून कुजलेल्या सिलवर नुसतं नवं पांघरूण वेल्ड करतात, वर काळं अंडरसील फासतात आणि 'नवी सिल' म्हणून विकतात. गाडीखाली जाऊन कॅसल रेल बघा. पट्टीची कड स्वच्छ आणि सरळ दिसली पाहिजे. तिच्या जागी सपाट पत्रा, ठिगळं किंवा डांबराचा जाड थर असेल तर शंका घ्या. मालकाकडे कामाचे फोटो मागा. ज्याने खरं काम करून घेतलं त्याच्याकडे फोटोंचा ढीग असतो आणि तो न विचारता दाखवतो.

मग गाडीच्या बाजूला चार पावलं मागे उभं राहून दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट बघा. वरपासून खालपर्यंत ती सारखी हवी. वर निमुळती होत असेल तर गाडी मधोमध बसली आहे. कधी कधी सिल बदलताना गाडीला नीट आधार न दिल्यामुळेही तसं होतं आणि मग ते कायमचं वेल्ड होऊन बसतं. मालकाची परवानगी घेऊन मागच्या कमानी पाट्याच्या पुढच्या टोकाजवळ जॅक लावा, एक बाजू उचला आणि दार उघडून लावून बघा. दार घासलं किंवा अडकलं, तर तिथेच धन्यवाद म्हणून निघा.

बाकीच्या जागा ओळीने. पुढच्या चाकाच्या कमानीत वरच्या बाजूला एक कंगोरा आहे, तिथे चिखल साठून मडगार्डचा माथा कुजतो. दारामागचं खालचं टोक, दारांचा तळ आणि दाराच्या पत्र्यावर पुढच्या छोट्या काचेखाली पडणारी चीर, ही जुनी दुखणी. आतले गालिचे उचलून फरशी बघा. सीटमागचं झाकण उघडलं की बॅटऱ्या दिसतील. १९७४पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन, नंतर एकच बारा व्होल्टची. आम्ल सांडून त्यांच्या पेट्या सडतात आणि शेजारचे कमानी पाट्याचे आधारही. ते आधार बोटांनी चाचपा. डिकीत स्पेअर चाक बाहेर काढून तळ बघा. पेट्रोलची टाकी डिकीखाली टांगलेली असते. टाकीचा माथा आणि डिकीचा तळ यांमधल्या सापटीत पाणी अडकतं आणि टाकी वरून गळते, म्हणून टाकी भरली की पेट्रोलचा वास येतो का ते विचारा.

लोहचुंबक सगळीकडे फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. अपवाद बॉनेटचा: १९६०च्या दशकातली बॉनेटं ॲल्युमिनियमची होती, त्यांना चुंबक चिकटणारच नाही. तिथे उलट चिकटलं तर बॉनेट नंतरचं आहे.

१९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळच्या साच्यांवर पूर्ण नवी बॉडी बनवते. अशा बॉडीवर उभी केलेली गाडी मिळाली आणि बांधणी नीट असेल, तर मूळ पत्र्याचा हट्ट धरू नका. शुद्धतावाद्यांना ते पटत नाही, पण पावसात गाडी चालवायची तुम्हाला आहे.

इंजिन: घाबरण्यासारखं फारसं नाही

१७९८ सीसीचं हे इंजिन बीएमसीच्या, म्हणजे एमजीची लेलँडआधीची मालक असलेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीजचं. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच कुटुंबातलं, आणि ॲम्बेसेडर स्वतः मॉरिस ऑक्सफर्डची आवृत्ती. तेव्हा ॲम्बेसेडरचे टॅपेट सेट केलेला कुणी काका तुमच्या घरात असेल, तर त्याला ब्रिटनला आल्यावर या बॉनेटखाली काहीही परकं वाटणार नाही. लोखंडी ब्लॉक, पुशरॉड, पॉइंट-कंडेन्सर, दोन एसयू कार्ब्युरेटर. घरच्या पान्यांनी उघडता येणारं यंत्र.

गाडी थंड असतानाच जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. चावी फिरवली की मागून एसयूच्या पंपाची टकटक ऐकू येते आणि काही क्षणांत ती थांबायला हवी. चालूच राहिली तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा पेट्रोल गळतंय. टॅपेटचा खडखडाट चालतो. अगदी गप्प असतील तर उलट ते जास्त आवळलेले असण्याची भीती. खालून येणारा घुमा ठोका मात्र चालत नाही. इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइलचा दाब धावताना ५० पौंडांच्या वर आणि आयडलिंगला १५च्या आसपास दिसावा. थोडंफार ऑइल गळतंच, खाली ठिपके पडतातच. रेडिएटरच्या झाकणाखाली साय किंवा ऑइल-फिलरवर पिवळसर फेस दिसला तर हेड गॅस्केटकडे संशय वळवा. हेडही दुरुस्त होतं, फक्त तेवढे पैसे किमतीतून उतरवा.

चालवून बघताना

सुरुवातीलाच क्लच बघा, कारण क्लच प्लेट बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय.

ओव्हरड्राइव्ह असेल तर चालतो का ते नक्की बघा. बटण दाबताच फेरे उतरायला हवेत, झटका न देता. मोटरवेवर ताशी ७० मैलांना साध्या चौथ्या गिअरमध्ये इंजिन ३९००च्या आसपास ओरडत असतं, ओव्हरड्राइव्हमध्ये ३१००-३२००वर येतं. लांबच्या प्रवासात हा फरक कानांना आणि पेट्रोलच्या काट्याला दोन्हीकडे कळतो. चालत नसेल तर अनेकदा नुसती वायर किंवा स्विच असतो. तरी विकणाऱ्याच्या 'वायरच आहे हो' वर विश्वास ठेवून पूर्ण किंमत देऊ नका. वायरच असती तर त्याने जोडली असती.

तारांची चाकं असतील तर गाडी पुढे-मागे करताना 'टक' असा आवाज येतो का ऐका. हबवरचे दाते झिजले की तो येतो, मग चाक आणि हब दोन्ही बदलायची वेळ येते. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा. किंगपिनचा खर्च मोठा, आणि कारण जवळपास नेहमी एकच: ग्रीस न मारणं.

कागद

हा भाग सोपा आहे. गाडीचं नोंदणीपत्र, म्हणजे व्ही५सी, आणि गाडीवरचा चासी नंबर जुळतो का बघा. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नोंदणी क्रमांक टाकला की जुन्या एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक सरकारी तपासणी) निकाल फुकट दिसतात. सात-आठ वर्षांपूर्वी कुठे गंज लिहिला होता ते वाचा आणि मग तीच जागा गाडीवर जाऊन बघा. चाळीस वर्षं ओलांडलेली गाडी 'हिस्टॉरिक' वर्गात घेता येते. त्यात रोड टॅक्स शून्य, पण दरवर्षी तो भरल्याची नोंद करावीच लागते. मोठे फेरफार नसतील तर एमओटीही सक्तीची नाही आणि लंडनच्या यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणाऱ्या भागात, पैसे पडत नाहीत. सक्ती नसली तरी घेण्याआधी एमओटी करून घ्या म्हणून मालकाला विचारा. त्याच्या उत्तराआधी त्याचा चेहरा बघा.

गाडी कारखान्यातून कोणत्या दिवशी, कोणत्या रंगात आणि कोणत्या देशासाठी निघाली हे जाणून घ्यायचं असेल, तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून पैसे भरून प्रमाणपत्र मिळतं. विमा मात्र 'ठरलेल्या किमतीचा' घ्या. साध्या विम्यात अपघातानंतर कंपनी बाजारभाव आपल्या मनाने ठरवते.

घरी आणल्यावर

सगळे द्रव आधी बदला. इंजिनात २०डब्ल्यू-५० ऑइल. गिअरबॉक्समध्येही हेच ऑइल, गिअर ऑइल नव्हे. ओव्हरड्राइव्ह तेच ऑइल वापरतो आणि जाड ऑइलाने रुसतो. एसयू कार्ब्युरेटरच्या माथ्यावरच्या टोप्या उघडून त्यात पातळ ऑइल आहे का बघा. ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि लोक नाहक कार्ब्युरेटर खोलून बसतात. किंगपिनला दर ३००० मैलांनी ग्रीस गन लावा, तेही पुढची बाजू जॅकवर उचलून, नाहीतर ग्रीस वर-वरच फिरतं.

पेट्रोल ई५ भरा, म्हणजे सुपर. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे आणि जुने रबरी पाइप त्याने मऊ पडून गळू लागतात. पाइप तसेही बदलून टाका, गरम एग्झॉस्टवर पेट्रोल ठिबकायला नको. शिशाचं पेट्रोल २०००पासून बंद आहे. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, हे बिलांत शोधा. नसतील तर शिशाची जागा घेणारं औषध टाकीत घालून वेळ निभावते. पुढे कधी हेड उघडेल तेव्हा सीट बदलून घ्या.

टपाबद्दल दोनच नियम. ओला टप घडी करून ठेवायचा नाही, आणि कडाक्याच्या थंडीत दुमडायचा नाही. मागची प्लॅस्टिकची काच घडीवर तडकते. काच पिवळी पडली असेल तर टप नवाच घ्या, घासून ती साफ होत नाही.

नोव्हेंबरपासून रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की गाडी आत ठेवा. मिठाच्या रस्त्यावर एकदा गेलातच, तर त्याच आठवड्यात खालून, विशेषतः पुढच्या चाकांच्या कमानींतला तो कंगोरा, पाण्याने धुऊन काढा आणि सिलच्या खालची पाणी निघायची भोकं टाचणीने मोकळी करा. कोरडी झाली की सिलच्या आत मेणाचा फवारा मारून घ्या. हे काम दर दोन-तीन वर्षांनी शरद ऋतूत, थंडी पडायच्या आत करायचं, कारण गार पत्र्यावर मेण पसरत नाही.